जो थॉमस (अमेरिकन फुटबॉल)

जो थॉमस हा अमेरिकन फुटबॉलमधल्या क्लीव्हलंड ब्राऊन्स या टीमचा लेफ्ट टॅकल होता, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या ओळीतला डावीकडचा गडी, आणि 10,363 हा त्याचा आकडा. या गेममध्ये अशा ओळीतल्या लाइनमनच्या नावावर सहसा ना टचडाउन (म्हणजे गोल) लागतात ना बॉल पुढे नेल्याचे यार्ड, बॉल तर सहसा हातातही येत नाही, त्यामुळे मोजायचं काय तर हजेरी. ओळीच्या मधला गडी, सेंटर, पायांमधून बॉल मागे देऊन खेळ सुरू करतो तो एक स्नॅप. 2007 मध्ये आल्यापासून असे 10,363 स्नॅप थॉमस सलग खेळला, एकदाही बाहेर बसला नाही.

जन्म 1984 चा, विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्डचा, कॉलेजही विस्कॉन्सिनलाच. 2007 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, तो तिसरा निवडला गेला, पण समारंभाला न्यूयॉर्कला न जाता गडी वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत बसला होता.

आता काम काय, तर उजव्या हाताचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, थ्रो करायला वळला की त्याची डावीकडून पाठ उघडी पडते, तिकडून येणारा धिप्पाड डिफेन्सवाला त्याला दिसतच नाही, त्याला अडवायचं ते लेफ्ट टॅकलने. साडेसहा फूट उंच आणि 140 किलोच्या आसपासचा हा माणूस स्नॅप झाला की गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून डावा पाय मागे टाकायचा, उजवा त्याच्यामागे सरकवायचा आणि हात छातीशी तयार ठेवायचा. उलटं पळतच मारामारी म्हणा ना. दोन-तीन सेकंद निभावलं की झालं, चुकून जर्सी धरली तर होल्डिंगची पेनल्टी.

आणि टीम कशी, तर विचारू नका. त्याच्या 11 सीझनमध्ये ब्राऊन्स 48 जिंकले, 128 हरले. पहिल्या वर्षी 10-6 (10 विजय, 6 पराभव) असूनही प्लेऑफ, म्हणजे पुढची बाद फेरी, हुकला, नंतरही कधी मिळाला नाही, 2016 ला एकच विजय आणि 2017 ला तर 0-16. त्याने पाठ राखलेले, मॅच सुरू करणारे क्वार्टरबॅकच 20 झाले, म्हणजे हा जागेवर आणि मागचा माणूस सारखा बदलतोय! तरी पहिल्या दहाही सीझनमध्ये प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचला, निवड, त्यामुळे हरणाऱ्या टीममधला माणूस कुणाला दिसत नाही असं निदान याच्याबाबत म्हणता येत नाही.

22 ऑक्टोबर 2017 ला टेनेसी टायटन्सविरुद्ध डाव्या हाताचा ट्रायसेप्स फाटला आणि सलग स्नॅपची साखळी तुटली. मार्च 2018 मध्ये रिटायर. खेळताना वजन टिकवायला सतत खावं लागायचं, ते सुटल्यावर वीसेक किलो उतरले, फोटोत पटकन ओळखू येत नाही. 2023 ला पहिल्याच संधीत या खेळातल्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेही ओहायोतल्याच कँटनला, क्लीव्हलंडहून तासाभरावर.

त्याआधी 20 सप्टेंबर 2018 ला ब्राऊन्सने हाफटाइमला त्याचं नाव रिंग ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे टीमच्या मानाच्या खेळाडूंच्या यादीत, घेतलं, स्टेडियममध्ये 10,363 लावलं. त्याच रात्री न्यूयॉर्क जेट्स या टीमला हरवून टीम 635 दिवसांनी पहिली मॅच जिंकली.