स्क्रीन प्रिंटिंगचे मुखपृष्ठ : कल्पनेची घडण

पुस्तकाचे मुखपृष्ठ स्क्रीन प्रिंटिंगने छापायचे ठरले की कल्पना सुचण्यापासून ती थरांमध्ये बसवून छपाईला देईपर्यंत जे काम चालते, त्याविषयीची ही नोंद. ऑफसेटवर, म्हणजे नेहमीच्या यंत्रछपाईत, छापायच्या मुखपृष्ठाचे चित्र आधी पुरे होते आणि त्याचे चार रंगांत विभाजन नंतर संगणक करतो; चित्रकाराने तिकडे पाहिले नाही तरी चालते. स्क्रीनच्या कामात ही मुभा नाही. रंग किती, कोणता आधी पडणार, कोणता कोणावर चढणार हे प्रश्न पहिल्या कच्च्या रेखाटनापासून मानगुटीवर बसलेले असतात. आधी चित्र आणि मग छपाई अशी फारकत केली, तर हाती चांगले चित्र लागते, पण त्याचे मुखपृष्ठ होईलच असे नाही.

तंत्राची ओळख

चौकटीवर ताणून बसवलेल्या बारीक जाळीतून शाई खाली उतरवणे हे या छपाईचे मूळ. जाळी पूर्वी रेशमाची असे, आता बहुधा पॉलिएस्टरची असते. तिच्यावर प्रकाशाने कडक होणाऱ्या इमल्शनचा थर चढवतात आणि तो वाळल्यावर चित्राची पारदर्शक फिल्म लावून उजेड देतात. उजेड लागलेले इमल्शन घट्ट होते. फिल्मवरच्या काळ्या आकारांआडचे मऊच राहते आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन निघते. या मोकळ्या झालेल्या जागांतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पात्याने, शाई ओढली की कागदावर ठसा उमटतो. प्रत्येक रंगाला वेगळी फिल्म आणि वेगळी स्क्रीन, म्हणजे अशी तयार केलेली जाळीची चौकट, लागते. फिल्म मात्र नेहमी काळी, मग शाई पिवळी असो की गुलाबी. नवशिके हटकून इथे चुकतात. पिवळ्या थराची फिल्म ते पिवळीच काढून आणतात, ती उजेड नीट अडवत नाही आणि स्क्रीन वाया जाते.

जाळीचा उपयोग काय, हे स्टेन्सिलच्या जुन्या अडचणीवरून कळते. कागदातून ‘व’ कापून काढला तर त्याच्या पोटातला तुकडा सुटून पडतो. तो टिकवायचा तर कुठेतरी पूल ठेवावा लागतो, आणि मग अक्षर तुटके दिसते. जपानी कातागामी स्टेन्सिलमध्ये असे सुटे तुकडे धरून ठेवायला रेशमाचे धागे वापरत. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या सरकारी कलायोजनेतील भित्तिपत्रकांमुळे हे तंत्र चित्रकारांच्या हाती आले, आणि १९६२ पासून अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी छायाचित्रावरून केलेल्या स्क्रीनचा चित्रांसाठी सपाटून वापर केला. पुस्तकांच्या बाबतीत हे तंत्र मुख्यतः छोट्या आवृत्त्या, कापडी बांधणी आणि हाताने केलेली पुस्तके यांत टिकून आहे. चेन्नईच्या तारा बुक्सने तर अख्खी पुस्तके हातकागदावर स्क्रीनने छापली आहेत.

हस्तलिखितापासून रेखाटनापर्यंत

सुरुवात वाचनाने होते, आणि ते वाचन थोडे वेगळे असते. कथानकाचा सारांश इथे फारसा कामाचा नाही. वस्तू, पोत, दिशा, पुन्हापुन्हा येणारी एखादी कृती यांची टिपणे काढावी लागतात. वर काय आहे, खाली काय आहे? काय झाकले जाते, काय उरते? पुस्तकात काही दोनदा घडते का? हे प्रश्न मुद्दाम असे आहेत, कारण स्क्रीनला झाकणे, उघडे ठेवणे आणि एकावर एक चढवणे या तीनच गोष्टी मनापासून जमतात. चेहऱ्यावरचे सूक्ष्म भाव किंवा संध्याकाळच्या आभाळातली हळूहळू उतरणारी छटा तिच्याकडून ओढूनताणून करून घेता येते, पण हौसेला मोल नसते तेव्हाच.

त्यानंतर तीन-चार सेंटिमीटर उंचीची चिमुकली रेखाटने, जितकी जास्त तितकी बरी. पहिली पाच-सहा बहुधा सगळ्यांना सुचतात तीच असतात आणि ती कागदावर उतरवून मोकळे व्हावे हेच बरे. रेखाटन पेन्सिलीने करण्यापेक्षा जाड मार्करने किंवा रंगीत कागद कातरून केलेले चांगले. पेन्सिल राखाडी छटा देते आणि त्या छटेवर जीव जडतो. स्क्रीनवर मात्र शाई एक तर आहे किंवा नाही. कातरलेला कागद पहिल्या दिवसापासून खरे बोलतो.

एक कल्पना जवळून

समजा, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची कादंबरी आहे आणि दोनच शाया परवडणार आहेत. पहिली सुचते ती धरणाची भिंत. ती छापली तर पुस्तक खात्याच्या अहवालासारखे दिसते. दुसरे सुचते पाण्याबाहेर डोकावणारे शिखर. ते इतक्यांदा पाहिलेले आहे की नजर त्यावर ठरत नाही. मग टिपणांकडे परत जावे. कादंबरीत पाणी एकदम येत नाही, रोज बोटभर चढते. म्हणजे चित्राचा विषय घर नाही की धरण नाही. विषय आहे पाण्याची रेघ.

आता थर. पहिला थर नारिंगी : उतरती छपरे, दारे, एक जिना, सगळे सपाट आकार. दुसरा थर पारदर्शक निळा : मुखपृष्ठाच्या खालच्या भागावर एकच सलग पट्टा, वर सरळ कड. निळा जिथे नारिंगीवर चढतो तिथे गढूळ तपकिरी होतो, जिथे कोऱ्या कागदावर पडतो तिथे निळाच राहतो. दोन शाया आणि कागद मिळून चार रंग झाले, आणि बुडणे चितारावे लागले नाही, ते छपाईतच घडले. दुसरी स्क्रीन ओढली जाते तेव्हा गाव प्रत्येक प्रतीवर अक्षरशः पाण्याखाली जाते.

शीर्षकही नारिंगीतच, पण ते कुठे ठेवायचे? देवनागरीत इथे एक आयता मोह आहे : शिरोरेघ हीच पाण्याची पातळी करायची. मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार तेवढे पाण्यावर, बाकी अक्षर खाली. कागदावर हे सुंदर दिसते, छपाईत मात्र घात होतो. हाताच्या छपाईत दोन रंगांची जुळणी, म्हणजे रजिस्ट्रेशन, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतेच. निळ्याची कड शिरोरेघेच्या कडेशी नेमकी भिडवली असेल तर काही प्रतींवर शिरोरेघेवर तपकिरी पट्टी चढेल, काहींवर नारिंगी उरेल. उपाय साधा आहे. पाण्याची रेघ शिरोरेघेच्या तीन-चार मिलिमीटर खाली, अक्षरांच्या अंगातून न्यावी. मग अर्ध्या मिलिमीटरची चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि अक्षरे गळ्यापर्यंत बुडालेली दिसतात ते वेगळेच. ही सुधारणा जाळीच्या अडचणीतून आली, पण कल्पना तिने सुधारली. या कामात असे वरचेवर होते.

रंगांचा हिशेब

दोन पारदर्शक शायांचे कागदासह चार रंग होतात, तीन शायांचे आठ. चौथ्या शाईची मागणी आली की बहुतेक वेळा तिसरीचा पुरता वापर झालेला नसतो. शाईत पारदर्शक बेस किती मिसळला यावर चढलेल्या रंगाचा परिणाम ठरतो, आणि संगणकाच्या पडद्यावर एकावर एक ठेवलेले थर या बाबतीत भरवशाचे नाहीत; खऱ्या शायांचे पट्टे आडवे-उभे छापून चौकडीचा तक्ता करून घ्यावा. क्रम साधारणपणे फिक्याकडून गडदकडे असतो.

कागदाचा रंग हा फुकटचा रंग आहे, आणि तो विसरला जातो. गडद कागदावर किंवा कापडावर पांढरी, फिकट किंवा धातूच्या झाकेची शाई दाट बसते, कारण ऑफसेटचा थर एखाद-दोन मायक्रॉनचा असतो तर स्क्रीनचा त्याच्या कैक पट जाड. बोटाला जाणवणारी ही शाई हेच अनेकदा ऑफसेट सोडून इकडे येण्याचे कारण असते. मग पांढऱ्या गुळगुळीत कागदावर चौरंगी छायाचित्र छापण्याचा अट्टहास कशाला? छायाचित्र घ्यायचेच तर ते एका रंगात आणि ठिपके दिसतील इतक्या जाड जाळीबिंदूंत, म्हणजे छटा दाखवणाऱ्या ठिपक्यांत, घ्यावे. सेंटिमीटरला ९० धागे, म्हणजे इंचाला सुमारे २३० धाग्यांच्या जाळीवर ठिपक्यांच्या इंचाला ५० ते ५५ ओळींपलीकडे जाऊ नये, असा कारागिरांचा अंदाज असतो. ऑफसेटवर १५० ओळी सहज निघतात. स्क्रीनवर पन्नास-पंचावन्नहून बारीक गेले की ठिपके आणि धागे यांची भांडणे लागून मॉरेची, म्हणजे नको असलेल्या लाटांसारखी, नक्षी उमटते.

अक्षरे, कणा, बारकोड

कागदावर छापायला सेंटिमीटरला ७७ ते १२० धाग्यांची जाळी वापरतात. बांधणीच्या खरबरीत कापडाला त्याहून विरळ लागते, आणि जाळी जितकी विरळ तितके अक्षर ठसठशीत हवे. भरीव रंगातून कोरी सोडलेली छोटी अक्षरे सगळ्यांत आधी बुजतात. ‘क्ष’, ‘श्र’, ‘ध’ यांची पोटे, ‘द्ध’सारखी जोडाक्षरे आणि अनुस्वाराचा टिंब ही मराठी मजकुराची नाजूक ठिकाणे. टिंब शिरोरेघेला चिकटला की शब्दच बदलतो. शीर्षक हाताने लिहायचे असेल तर ही पोटे मुळातच मोकळी ठेवता येतात, म्हणून स्क्रीनच्या मुखपृष्ठाला तयार टाइपापेक्षा हस्तलिखित शीर्षक बहुतेकदा जास्त शोभते. मलपृष्ठावरचा दीडशे शब्दांचा मजकूर मात्र स्क्रीनवर लादू नये. तो आतल्या पानावर किंवा जॅकेटच्या घडीवर, वेगळ्या छपाईत जावा.

मुखपृष्ठ एकटे छापले जात नाही. पुढचा भाग, कणा आणि मलपृष्ठ एकाच कागदावर येतात. २४० पृष्ठांचे पुस्तक म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेली कागदाची १२० पाने, कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा असेल तर कणा १२ मिलिमीटरचा. १४० बाय २१६ मिलिमीटरच्या पुस्तकाला उलगडलेले आवरण २९२ मिलिमीटर रुंद होते, आणि चारही बाजूंना ३ मिलिमीटर कापण्याची जागा धरली की २९८ बाय २२२. पुठ्ठा-बांधणीत सांध्याची खाच आणि आत दुमडायचा भाग यांची भर वेगळी. बांधणीत कणा एखाद-दोन मिलिमीटर सरकतो, म्हणून रंग नेमका कण्याच्या कडेवर बदलणारी रचना टाळावी. वरच्या उदाहरणातली पाण्याची आडवी रेघ इथेही उपयोगी पडते : ती पुढून कण्यावर आणि तिथून मागे सरळ जाते, कणा सरकला तरी काही बिघडत नाही. घडीवर दाट शाई असेल तर तिला तडे जाण्याचा धोका मात्र राहतो. निवडलेल्या कागदावर छापून, वाळवून, घडी घालून पाहणे एवढाच त्यावर इलाज.

बारकोड शेवटी आठवतो आणि सगळ्यांत जास्त छळतो. स्कॅनर लाल उजेडाने वाचतात, त्यामुळे लाल किंवा नारिंगी पट्ट्या त्यांना दिसतच नाहीत. आपल्या उदाहरणात तो निळ्यातच छापावा लागेल, कोऱ्या कागदाच्या खिडकीत. मूळ आकारात त्याची सर्वांत बारीक पट्टी ०.३३ मिलिमीटरची असते आणि शाई पसरली की ती बुजते. म्हणून तो मोठा करून छापतात, नाहीतर सरळ बारकोडचे स्टिकर लावतात.

नमुना आणि छपाई

पसंत पडलेली कल्पना खऱ्या आकारात, रंगागणिक वेगळ्या ट्रेसिंग कागदावर काळ्याने काढून पाहावी. कागद एकमेकांवर ठेवून मुद्दाम मिलिमीटरभर सरकवावेत. तेवढ्याने जी कल्पना कोसळते ती अजून तयार नाही. एकमेकांना टेकणाऱ्या रंगांत थोडे एकावर एक चढवणे, म्हणजे ट्रॅपिंग, इथेच ठरते. मग ही रचना कोऱ्या पानांच्या डमीवर गुंडाळून टेबलावर ठेवावी आणि कण्याकडून, तिरपे, लांबून पाहावे.

खर्चाचे गणित रंगांनी वाढते. ५०० प्रती आणि तीन रंग म्हणजे स्क्वीजीचे १५०० ओढे, शिवाय प्रत्येक रंगात बिघडणाऱ्या कागदांसाठी जादा ताव, जे पहिल्या रंगापासूनच हिशेबात हवेत. तिसऱ्या रंगाला कमी पडले तर मागे जाता येत नाही. प्रतीप्रतीत थोडा फरक राहतो. तो गोडीने स्वीकारण्याची रीत आहे, पण वाचता न येणाऱ्या शीर्षकाला हस्तकलेचे सौंदर्य म्हणणे ही पळवाट झाली.

छपाई संपल्यावर इमल्शन काढून जाळी पुन्हा वापरतात. फिल्म ठेवून देतात. दुसऱ्या आवृत्तीला त्याच फिल्मवरून नव्या स्क्रीन करून शाया बदलता येतात. नारिंगीच्या जागी पिवळी घातली तर बुडालेली घरे तपकिरीऐवजी हिरवी होतात, आणि दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या की गावावर शेवाळ धरल्यासारखे दिसते.