नागरी धुरके

शहरांच्या हवेत तरंगणाऱ्या घन व द्रव सूक्ष्मकणांमुळे प्रकाशाचे प्रकीर्णन (विखुरणे) व शोषण होऊन दृश्यमानता घटते, त्या स्थितीस नागरी धुरके म्हणतात. धुक्यासाठी हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असावी लागते, धुरके मात्र कोरड्या हवेतही टिकते. तरीही दोहोंमधील सीमा काटेकोर नाही, कारण धुरक्यातील विद्राव्य कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात आणि पहाटेच्या सुमारास धुरक्याचे धुक्यात रूपांतर होऊ शकते. दृश्य प्रकाशाचे प्रकीर्णन सर्वांत परिणामकारकपणे करणारे कण साधारणतः ०.१ ते १ मायक्रोमीटर व्यासाचे असतात. रस्त्यावरची जाड धूळ वजनात भरत असली, तरी क्षितिज पुसट करण्यातील तिचा वाटा त्यामानाने कमी असतो.

हवेतील कण व धुके यांचा संबंध स्कॉटिश भौतिकीविज्ञ जॉन एटकिन यांनी १८८० मध्ये प्रयोगाने दाखविला. एका पात्रात साधी हवा व दुसऱ्यात कापसातून गाळलेली हवा घेऊन त्यांनी दोहोंत वाफ सोडली, तेव्हा धुके फक्त पहिल्या पात्रात दिसले. पुढे त्यांनी हवेतील कण मोजण्याचे उपकरणही तयार केले. या विषयाला लोकारोग्याच्या दृष्टीने निकड आली ती बेल्जियममधील म्यूज खोरे (१९३०), अमेरिकेतील डोनोरा (१९४८) आणि विशेषतः लंडन (५ ते ९ डिसेंबर १९५२) येथील दाट धुरक्याच्या प्राणघातक दुर्घटनांमुळे. लंडनमधील मृतांचा आकडा प्रारंभी सुमारे ४,००० धरण्यात आला व पुढील महिन्यांतील वाढीव मृत्यू इन्फ्लुएंझाच्या साथीवर टाकण्यात आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्विश्लेषणानुसार ही संख्या १२,००० च्या आसपास जाते. साथीने त्या वाढीचा थोडाच भाग स्पष्ट होत असल्याने हा दुसरा अंदाज अधिक ग्राह्य वाटतो. ब्रिटनने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये आरी हागेन-स्मिट यांनी हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो असे दाखवून दिले. धुरक्याचा मोठा भाग धुराड्यातून तयार स्वरूपात बाहेर पडत नाही, तो हवेतच जन्मतो, ही जाणीव येथून दृढ झाली.

हवेत जन्मणाऱ्या या दुय्यम कणांपैकी सल्फेटाच्या उत्पत्तीवर सर्वाधिक वाद झाला आहे. सल्फर डाय-ऑक्साइडाचे सल्फेट होण्यास ऑक्सिडीकारक (ऑक्सिडीभवन घडविणारा पदार्थ) लागतो. उन्हाळ्यात ओझोन व हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे ते घडते, परंतु जानेवारी २०१३ मध्ये बीजिंगवर पसरलेल्या दाट धुरक्यात ऊन क्षीण असूनही सल्फेट झपाट्याने वाढले आणि तत्कालीन संगणकीय प्रतिमानांना (गणिती नमुन्यांना) ही वाढ दाखविता आली नाही. २०१६ मध्ये दोन संशोधनगटांनी सुचविले की कणांवरील पाण्यात नायट्रोजन डाय-ऑक्साइड हाच ऑक्सिडीकारक ठरत असावा. त्यांपैकी एका गटाने लंडनच्या १९५२ च्या धुक्याचेही स्पष्टीकरण याच चौकटीत दिले. ही विक्रिया वेगाने होण्यासाठी त्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) उदासीनतेच्या जवळ असावा लागतो. उत्तर चीनच्या मैदानात शेतीतून विपुल अमोनिया बाहेर पडत असल्याने तो तसा असेल, अशी अपेक्षा होती. तथापि इतर अभ्यासकांनी ऊष्मागतिकीय गणिताने हा सामू ४ ते ५ च्या आसपास काढला, आणि उदासीन सामू दाखविणाऱ्या काही गणनांचे मूळ एका प्रचलित संगणकीय प्रतिमानाच्या आज्ञावलीतील चुकीत असल्याचे २०१८ मध्ये दाखविण्यात आले. कण आम्लधर्मी असल्याचे मत आज अधिक सबळ दिसते. मग वाढीव सल्फेट आले कोठून, याचे उत्तर काहींच्या मते मँगॅनिजासारख्या धातूंच्या उत्प्रेरणात आहे. फॉर्माल्डिहाइड व सल्फर डाय-ऑक्साइड यांच्या संयोगाने बनणारे हायड्रॉक्सिमिथेनसल्फोनेट हे संयुग उपकरणे सल्फेट म्हणूनच मोजतात, असाही एक पक्ष आहे. तो खरा ठरल्यास वादाचा काही भाग मोजणीच्याच पातळीवर मिटतो.

दिल्लीच्या धुरक्याची घडण याहून निराळी आहे. तेथे हिवाळ्यातील रात्री व पहाटे क्लोराइडाचे प्रमाण लक्षणीय आढळते. हायड्रोजन क्लोराइड व अमोनिया यांच्या संयोगाने बनणारे अमोनियम क्लोराइड पाणी ओढून घेते व दृश्यमानता घटविते, असे आयआयटी मद्रासच्या सहभागाने झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले आहे. हे क्लोरीन प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळण्यातून किती येते व उद्योगांतून किती, याबाबत एकमत नाही. एका शहरासाठी सिद्ध झालेली रासायनिक यंत्रणा दुसऱ्या शहराला जशीच्या तशी लावता येत नाही, हे यावरून ध्यानात घ्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील भर मुख्यतः पंजाब-हरियाणातील भाताची धसकटे जाळण्यामुळे पडते. भूजल वाचविण्यासाठी २००९ मध्ये झालेल्या कायद्यांनी भाताची लावणी व पर्यायाने कापणी लांबली, त्यामुळे जाळण्याचा काळ मंद वारे व तापमान व्युत्क्रमण (खाली थंड व वर उबदार हवेचा थर) असलेल्या दिवसांत सरकला.

कणांचे वस्तुमान ठरविण्याची प्रमाण पद्धत भारमापनाची आहे. टेफ्लॉनची पातळ चकती ठरावीक तापमान व आर्द्रतेत एक दिवस ठेवून सूक्ष्मतुलेवर तोलतात, तिच्यावरील स्थिर विद्युतभार आधी काढून टाकतात, मग २४ तास तिच्यातून हवा खेचून ती पुन्हा त्याच स्थितीत तोलतात. काजळीच्या शहरात चकती राखाडी ते काळी होते, धुळीच्या दिवसांत तपकिरी. परंतु अमोनियम नायट्रेट व क्लोराइड यांसारखे बाष्पनशील घटक चकतीवरून उडून जाऊ शकतात, आणि स्वस्त प्रकाशीय संवेदक दमट हवेत फुगलेले कण मोजून आकडा वाढवितात. म्हणूनच वस्तुमानासोबत घटकांचेही मापन झाल्याशिवाय स्रोतांविषयीचे निष्कर्ष सावधपणेच स्वीकारावे लागतात.

आरोग्याच्या दृष्टीने १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील सहा शहरांचा अभ्यास निर्णायक ठरला. सूक्ष्मकण व मृत्युदर यांचा त्यात दिसलेला संबंध पुढील अभ्यासांतही टिकला. भारताच्या २००९ च्या मानकांत २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ मायक्रोग्रॅमची आहे.

महाराष्ट्रात एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत केलेले श्वसनारोग्याचे अभ्यास आरंभीच्या महत्त्वाच्या कामांत मोडतात. त्यांत लालबाग, चेंबूर व खार येथील रहिवाशांची तुलना ग्रामीण भागाशी केली होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१० मध्ये दिल्लीत सुरू केलेली हवागुणवत्ता-अंदाजाची ‘सफर’ प्रणाली पुढे पुणे व मुंबई येथेही आली. मुंबईत दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे हवा स्वच्छ करतात. ते मंदावले किंवा उशिरा सुरू झाले, की हिवाळ्यात कण शहरावरच साठून राहतात. बांधकामांच्या धुळीसाठी महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. कोळशाच्या खाणी व औष्णिक वीजकेंद्र असलेल्या चंद्रपूरचा समावेश २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे.