तूप कुणाला किती? डब्यासोबतचं माहितीपत्रक

नमस्कार.

सांगलीच्या आमच्या दुकानात डबा घेताना दोन प्रश्न हमखास येतात. "बाळाला कितव्या महिन्यापासून द्यायचं?" आणि "आमच्या ह्यांना कोलेस्टेरॉल आहे, चालेल का?" वजनकाट्यापाशी, गर्दीत याची नीट उत्तरं देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक. आम्ही तूप विकणारे, तेव्हा आमच्या तोंडची तारीफ थोडी वजा करूनच वाचा.

तुपात काय असतं, काय नसतं

तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. 100 ग्रॅम तुपात 99 ग्रॅमच्या वर फॅट आणि सुमारे 900 कॅलरी. त्या फॅटमधला 60 टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवू शकणारा प्रकार. प्रथिनं आणि कॅल्शियम नावालाही नाहीत, ती ताकात आणि बेरीत (तूप कढवल्यावर तळाशी उरतं त्यात) राहून जातात. त्यामुळे "पोरगं दूध पीत नाही, पण तूप खातं की" असं समाधान करून घेऊ नका.

अ जीवनसत्त्व असतं, ड, ई, के थोडी थोडी असतात. पण चमचाभर तुपाने दिवसाची गरज भागत नाही. तुपाचा खरा उपयोग ताटातल्या दुसऱ्या पदार्थांना होतो. मेथी, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा यांतलं कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं) अंगी लागायला सोबत स्निग्धांश लागतो. कोरड्या भाकरीशी नुसती उकडलेली पालेभाजी खाण्यापेक्षा भाकरीला चमचाभर तूप लावलेलं बरं. अर्थात हे काम शेंगदाण्याचं कूटही करतं, तेही सांगून टाकतो.

तुपातल्या ब्युटिरिक आम्लाने पोट सुधारतं, असा हल्ली फार गवगवा आहे. ते तुपात असतं आणि मोठ्या आतड्याच्या पेशींना ते लागतं, दोन्ही खरं. पण तुपातलं हे आम्ल वरच्या वरच, लहान आतड्यापर्यंतच शोषलं जातं. मोठ्या आतड्यात ते बनतं भाकरी, उसळी, भाज्यांच्या तंतूंपासून, तिथल्या जिवाणूंकडून. पोट साफ होत नाही म्हणून तूप वाढवणाऱ्यांनी आधी उसळ वाढवावी.

गाईचं की म्हशीचं

कॅलरीत फरक नाही. गाईच्या तुपाला पिवळेपणा येतो कॅरोटीनमुळे. म्हैस तेच कॅरोटीन जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. गाईच्या तुपाचा रंग वैरणीप्रमाणेही हलतो. घास, हिरवी मका भरपूर असली की गडद, नुसत्या कडब्यावर फिका. रंग बदलला की भेसळीची शंका घेऊन फोन येतात, त्यांना हे उत्तर. किमतीचं गणितही सरळ आहे. किलोभर तुपाला गाईचं दूध 28 ते 30 लिटर लागतं, म्हशीचं 16-17 लिटरात भागतं.

लहान मुलांना

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. जन्मल्यावर मध-तुपाचं बोट चाटवायची रीत आपल्याकडे अजून आहे, ती सोडा. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळाच्या नाकात कोमट तुपाचे थेंबही नकोत. ते फुप्फुसात उतरून त्रास होतो.

सहा महिन्यांनंतर मात्र तूप खरोखर कामाचं आहे. बाळाचं पोट मुठीएवढं, त्यात मावणार चार चमचे खिमट किंवा मऊ वरणभात. तेवढ्यात ऊर्जा पुरी पडावी म्हणून अर्धा चमचा तूप घालायचं. वरणाचं नुसतं पाणी पाजण्यात पोट भरतं, बाळ भरत नाही. वर्षानंतर दिवसाला एक-दोन चमचे, जेवणात विभागून. शाळेतल्या, धावणाऱ्या मुलाला पोळीला लावून, भातावर घालून तेवढंच पुरे. वजन आधीच जास्त असेल तर हात आखडता घ्या. गुटगुटीत म्हणजे निरोगी, हे आजीच्या मायेचं मोजमाप आहे.

मोठ्यांना

बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसभरात तेल, तूप, लोणी सगळं मिळून 20 ते 25 ग्रॅम पुरतं. फोडणीचं तेल यातच धरायचं, हे बहुतेक जण विसरतात.

आता चमच्याची गंमत बघा. चहाचा 5 मिलीचा चमचा पातळ तुपाने काठोकाठ भरला तर तूप होतं साडेचार ग्रॅम, म्हणजे 40 कॅलरी. थंडीत थिजलेलं रवाळ तूप त्याच चमच्याने शिगोशीग उपसलं तर 10 ग्रॅमपर्यंत भरतं. "आम्ही एकच चमचा घेतो" म्हणणारं घर डिसेंबरात मे महिन्याच्या दुप्पट तूप खात असतं! एकदा काट्यावर चमचा ठेवून बघाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे संपृक्त फॅटमधून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत हवी. 2000 कॅलरींच्या आहारात हे 22 ग्रॅम होतात. पातळ तुपाच्या एका चमच्यात सुमारे 3 ग्रॅम जातात. साय, पनीर, मटण, बेकरीतली खारी यांचा हिशेब वेगळा. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, हृदयाचं दुखणं असेल, तर आमच्या शब्दावर जाऊ नका. डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना "थोडंसं घेतो" न म्हणता चमचे सांगा. मधुमेह असेल तर भातावर तूप घातल्याने साखर जरा सावकाश चढते, पण म्हणून भात दुप्पट करायची मुभा मिळत नाही.

गरोदर बायकांच्या घरून नवव्या महिन्यात खास डबा मागवला जातो. तूप प्यायल्याने बाळंतपण सोपं होतं याला आधार नाही. जेवणातलं नेहमीचं तूप पुरे.

ठेवण्याबद्दल

फ्रिज लागत नाही. झाकण घट्ट, जागा अंधारी आणि चमचा कोरडा, एवढं पाळा. तळणीत वापरलेलं तूप पुन्हा डब्यात ओतू नका.

तूप कढवलं त्या दिवशी दुकानात बेरी मिळते. साखर घालून मुलं आवडीने खातात. दुधातली, काहींना न पचणारी साखर तुपात जवळजवळ उरत नाही, त्यामुळे दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांना तूप चालतं. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही मात्र वेगळी गोष्ट. अशा मुलाला बेरी अजिबात देऊ नका आणि तूपही डॉक्टरांना विचारूनच द्या.