गाळलेलं तळणीचं तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे

'तळणीचं तेल कापडातून गाळा आणि टाकीत ओता, झालं बायोडिझेल. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर इंजिन चाललंच होतं की!' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. प्रदर्शनातली गोष्ट खरी, सल्ला चुकीचा.

४० अंश सेल्सियसला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक्स असतो, खाद्यतेलाचा साधारण ३५. आजच्या कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सगळ्या नोझलना दाबाखाली इंधन देणाऱ्या) इंजिनात १६०० बारच्या आसपासच्या दाबाने, केसाएवढ्या बारीक छिद्रांतून इंधन उडतं. दाट तेलाचा फवारा नीट फुटत नाही. ते अर्धवट जळतं, नोझलवर कार्बन धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. गाळण्याने कचरा जातो, दाटपणा तसाच राहतो.

तो उतरवायला रासायनिक प्रक्रियाच हवी: लिटरभर तेलाला सुमारे २०० मिली मिथेनॉल, सोबत कॉस्टिक सोडा, ५५-६० अंश तापमान. मग तळाचं ग्लिसरीन काढून धुणं आणि वाळवणं. प्रक्रिया पुरती झाली का, हे पाहायला ३ मिली नमुना २० अंशांच्या २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवा. तळाशी तेलाचा थेंब बसला, तर कच्चं आहे. (मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, हातमोजे घाला, जवळ आग नको.)

चाचणीत पास झालेलं बायोडिझेलही डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत निव्वळ वापरू नका. साचलेली काजळी जाळून फिल्टर साफ होताना उशिरा फवारलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिझेल बरंचसं उडून जातं, बायोडिझेल मात्र साचतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढताना दिसली, तर ऑइल लगेच बदला.