सोल्यूशन, ऊन आणि पंचविसाव्या हिश्शाची गाडी

रावेर-यावलच्या केळीबागेत पीव्हीसीचा पाइप जोडणारा माणूस नीट पाहावा. तो पाइपाचं टोक पुसतो, त्यावर पॉलिश पेपर फिरवतो, सोल्यूशन लावतो, टोक कपलरमध्ये घालून पाव वळसा देतो आणि काही क्षण घट्ट दाबून धरतो. दाबाचं पाणी मात्र त्या दिवशी सोडत नाही. १९३२ च्या फोर्डची किंवा ड्रॅग रेसच्या गाडीची छोटी प्रतिकृती, म्हणजे प्लॅस्टिकचं मॉडेल, किटमधून जोडणाऱ्याला याहून चांगला गुरू खान्देशात मिळायचा नाही, कारण दोन्हीकडचं रसायनशास्त्र एकच आहे.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर, थांबलेल्या गाड्यांनी, परंपरेने पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर लावलेली शर्यत. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी कापून, हलकी करून, मोठं इंजिन बसवून वेगवान केलेली गाडी. दोन्हींचा उगम अमेरिकेतला. ड्रॅग रेसिंगला शिस्त लावणारी एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केली. या गाड्यांच्या किट बहुधा १/२५ किंवा १/२४ मापाच्या असतात. १/२५ मध्ये खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळजवळ बरोबर १ मिलिमीटर. हे एक गणित पाठ असलं की बाकीची बरीचशी मापं तोंडी जमतात.

किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. जळगावच्या चटया पॉलिप्रॉपिलीनच्या, पाइप पीव्हीसीचे आणि हे तिसरं प्लॅस्टिक. पॉलिस्टायरीनचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांब साखळ्या. साधारण १०० अंश सेल्सियसच्या खाली त्या जागच्या जागी थिजलेल्या असतात, वर गेल्या की सरकू लागतात. या साखळ्या सैल करायचे तीन मार्ग आहेत: उष्णता, द्रावक, आणि प्लॅस्टिक मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य, म्हणजे प्लॅस्टिसायझर. मॉडेल बनवताना जे चांगलं घडतं आणि जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या तीन गोष्टींशी येऊन थांबतं.

जोडणीपासून सुरुवात करू. मॉडेल जोडायच्या पातळ द्रवाला सिमेंट म्हणतात, पण तो गोंद नाहीच. त्यात ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट यांसारखी द्रावकं असतात. दोन भाग आधी कोरडेच एकमेकांवर टेकवायचे आणि ब्रशचं टोक फटीला लावायचं. केशाकर्षणाने द्रव आपोआप आत धावतो. तिथल्या साखळ्या सैल होऊन दोन्ही बाजूंच्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि सांध्याच्या जागी एकसंध प्लॅस्टिक उरतं. दहा सेकंद दाबलं की कडेने प्लॅस्टिकची बारीक मणीरेषा बाहेर येते. ती आली म्हणजे सांधा धरला. ती लगेच पुसू नये. पूर्ण कडक झाल्यावर ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासून सपाट करावी. सांधा तासाभरात हाताळता येतो, पण खोलवर मुरलेलं द्रावक निघायला पूर्ण दिवस लागतो, जाड भागाला दोन. त्याआधी घासून रंग दिला तर आठवडाभराने चकचकीत रंगाखाली सांध्याची खोलगट रेघ उमटते, कारण उरलेलं द्रावक उडताना प्लॅस्टिक आकसत राहतं. गॅरेजात मिळणाऱ्या एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या, पुटीचंही हेच. तीही द्रावक उडूनच सुकते, म्हणून जाड थर हमखास बसतो. मोठी फट भरायला हार्डनर घालून घट्ट होणारी पॉलिस्टर पुटी घ्यावी. मात्र मे महिन्यात ती सुपारीएवढीच कालवावी. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि ४२ अंशांत ती पुटी पट्टीवरच दगड होते.

जोडणीआधीचं एक काम बरेच जण टाळतात: भाग धुणं. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल त्यावर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटची विसळ इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने द्यावी, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके वाळून बसतात आणि ते प्रायमरखालून दिसतात.

ड्रॅगस्टरची, म्हणजे फक्त ड्रॅग रेससाठी बांधलेल्या लांब, सडपातळ गाडीची, चासी बऱ्याचदा खोक्यातूनच वाकडी निघते. आजच्या टॉप फ्युएल या सर्वात वेगवान वर्गातल्या ड्रॅगस्टरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३०० इंच, म्हणजे १/२५ मध्ये सुमारे ३०५ मिलिमीटर. एवढ्या लांबीच्या बारीक दांड्या साच्यातून गरम असतानाच काढल्या तर पीळ घेतात. ७० ते ८० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, जाड काचेवर सपाट दाबून, लगेच गार पाण्यात घालाव्या. साच्यातला ताण त्या उष्णतेने मोकळा होतो आणि थंड होताना नवा आकार थिजतो. उकळतं पाणी वापरू नये, बारीक नळ्या शेवयांसारख्या लोंबतात. चारही चाकं काचेला टेकतात का, हे चासी जोडताना प्रत्येक टप्प्यावर पाहावं. रंग दिल्यावर ही चूक सुधारत नाही.

आता गाडीच्या उभं राहण्याच्या ढबीकडे येऊ, कारण मॉडेल खरं वाटतं की खोटं, हे तिथेच ठरतं. साठच्या दशकातल्या गॅसर, म्हणजे साध्या पेट्रोलवर धावणाऱ्या ड्रॅग गाड्यांचं नाक उचललेलं का असायचं? सुटताना मागच्या चाकांवर किती जादा भार येतो हे एका साध्या सूत्रात बसतं: वस्तुमान गुणिले त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. १,४०० किलोची गाडी गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणाने सुटली, गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर आणि व्हीलबेस २४० सेंटिमीटर असला, तर चौथा हिस्सा, म्हणजे ३५० किलोचा भार पुढून मागे सरकतो. त्या काळच्या टायरांची पकड कमी होती, म्हणून गुरुत्वमध्य उंच करून भार मागे ढकलायचा हा उपाय. १९६५ च्या काही डॉज आणि प्लायमथ गाड्यांत तर मागचा ॲक्सल १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे सरकवला होता. मॉडेलवर ते मागे १५.२ आणि पुढे १०.२ मिलिमीटर होतं. मागच्या चाकाची कमान तेवढीच पुढे कापून आणावी लागते. तिथे अंदाजपंचे चालत नाही. गॅसरचं नाक उचलताना पुढचा ॲक्सल दोन ते तीन मिलिमीटर खाली आणला की पुरे. पाच-सहा केलं की गाडी मागे बसलेल्या बैलासारखी दिसते.

हॉट रॉडचं छत खाली आणणं, ज्याला चॉप म्हणतात, हे भूमितीचं काम आहे. खऱ्या गाडीचा तीन इंचांचा चॉप म्हणजे मॉडेलवर ३ मिलिमीटर. १९३२ च्या फोर्डचे खांब जवळजवळ उभे, म्हणून खांबांतून तेवढा तुकडा काढला की छत बऱ्यापैकी बरोबर बसतं. पण पुढचा खांब ३० अंश मागे कललेला असेल तर छत ३ मिलिमीटर उतरल्यावर वरचा तुकडा खालच्याच्या १.७ मिलिमीटर मागे येतो. मागचा खांब पुढे कललेला असेल तर तिथेही तसंच उलट बाजूने घडतं. थोडक्यात, छत आखूड पडतं. ते मधोमध आडवं कापून, तेवढ्या रुंदीची पॉलिस्टायरीनची पट्टी घालून लांब करावं लागतं. कापण्याआधी चारही खांबांवर मास्किंग टेप लावून तिच्या कडेनेच रेझर सॉ चालवावी. काच मिठाईच्या पारदर्शक झाकणातून कापता येते. ती पीईटी प्लॅस्टिकची असते, किटच्या सिमेंटने चिकटत नाही. फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद लावला तर त्याची वाफ काचेवर पांढरी धुरी धरते. साधा फेव्हिकॉल लावावा, सुकल्यावर तो जवळजवळ दिसत नाही.

रंगकामात खान्देशचं हवामान खरी परीक्षा घेते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, हवा ठणठणीत कोरडी. दुपारी फवारलं तर रंगाचे थेंब बॉडीवर पोचण्याआधी हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरबरीत होतो. सकाळी सहा ते आठ ही वेळ पकडावी, १५ सेंटिमीटरच्या आत-बाहेर अंतर ठेवावं आणि ऑटो पेंटच्या दुकानातून रिटार्डर घेऊन थिनरमध्ये पाच ते दहा टक्के घालावा. तो हळू उडतो, त्यामुळे थेंबांना पसरायला वेळ मिळतो. ०.३ मिलिमीटरच्या नोझलच्या एअरब्रशला १५ ते २० पीएसआय दाब पुरतो.

मृग लागला की उलट दुखणं सुरू होतं. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर असतो. बॉडी जेमतेम तीन अंश गार झाली की ओल्या रंगावर दव धरतं आणि काळा रंग दुधाळ होतो. मे महिन्यात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू ११ अंशांच्या आसपास असतो, म्हणून तेव्हा हा त्रास नाही. अपवाद फक्त कूलरचा. कूलर चालू असलेल्या खोलीत रंग देणं म्हणजे मे महिन्यात मुद्दाम जुलै आणणं. शिवाय थिनरची वाफ पेट घेते. खोलीत हवा खेळती हवी, गॅस-दिवा बंद हवा आणि तोंडावर रुमाल नव्हे, सेंद्रिय वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क हवा.

गाड्यांच्या गॅरेजातला एनसी थिनरचा रंग उघड्या पॉलिस्टायरीनवर थेट ओला फवारू नये. त्यातलं टोल्युइन आणि ॲसिटोन सांध्यातल्या सिमेंटचंच काम करतात, फक्त पूर्ण बॉडीवर, आणि तडकलेल्या मातीसारखी जाळी उमटते. आधी मॉडेलसाठीचा प्रायमर, तोही दोन हलक्या धुक्यासारख्या हातांत, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. प्रायमरआधी दाराच्या फटी सुईने खोल कराव्यात. फट ०.२ मिलिमीटरची असते. दोन्ही कडांवर ६० मायक्रॉन रंग चढला तर उरतात ८० मायक्रॉन, आणि दार वेगळं बसवलेलं नव्हे, नुसती रेघ ओढलेलं दिसायला लागतं.

धुळीचा बंदोबस्तही विज्ञानानेच करावा. कोरड्या कापडाने बॉडी पुसली की पॉलिस्टायरीनवर विद्युतभार साठतो. कोरड्या हवेत तो निघून जात नाही, आणि काळ्या मातीची धूळ नि जिनिंगच्या दिवसांतला कापसाचा तंतू तिकडे ओढला जातो. फरशीवर पाणी शिंपडावं, बॉडी ओलसर फडक्याने पुसावी आणि रंग दिल्यावर लगेच मोठ्या डब्याखाली झाकावी.

कँडी रंग, म्हणजे चंदेरी थरावर दिलेला पारदर्शक रंग, हा हॉट रॉडचा दागिना. त्याची छटा थराच्या जाडीवर ठरते. प्रकाश थरातून आत जाऊन परत येतो, म्हणून प्रत्येक हाताला रंग गडद होतो. दार, बॉनेट आणि बॉडी वेगवेगळ्या दिवशी फवारली तर तीन लाल दिसतील. सगळे भाग एकाच वेळी, सारखेच हात मोजून रंगवावेत. खऱ्या गाडीच्या रंगातली ०.२ मिलिमीटरची चमकी मॉडेलवर वापरू नये. पंचविसाव्या हिश्शात ती ५ मिलिमीटरच्या खड्यासारखी दिसते.

इंजिनात वायरिंग केलं की मॉडेलला जीव येतो, आणि त्याचं सामान मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळतं. खरी स्पार्क प्लगची वायर ७ ते ८ मिलिमीटर जाड, म्हणजे मॉडेलवर ०.२८ ते ०.३२. मोटारीच्या दुरुस्तीतून उरलेली ३० गेजची वाइंडिंग तार ०.३१५ मिलिमीटरची असते. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, टोपीवर ०.४ च्या ड्रिलने कडेने आठ भोकं पाडावीत, आणि कॉइलसाठी मधोमध एक. मॅग्नेटो असेल तर मधलं भोक नको, त्याची कॉइल पोटातच असते. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ इंजिनाचा सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. चालकाच्या डाव्या बाजूला १, ३, ५, ७ आणि उजवीकडे २, ४, ६, ८. डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने क्रम लावावा. फोर्डच्या १९३२ च्या फ्लॅटहेड इंजिनाचा क्रम निराळा आहे, म्हणून एका इंजिनाचा क्रम दुसऱ्यावर उतरवू नये. एक्झॉस्टच्या पाइपांना उष्णतेचे रंग देताना इंजिनाजवळ निळा, मग जांभळा, आणि दूर गवती पिवळा हवा. पोलाद साधारण २३० अंशांना पिवळं आणि ३०० च्या आसपास निळं होतं, तेव्हा उलट क्रम दिला तर पाइप शेपटाकडून तापल्यासारखा दिसतो.

क्रोमचे भाग चिकटत नाहीत, कारण निर्वात पात्रात चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर आणि त्याखालचं-वरचं वार्निश सिमेंटला प्लॅस्टिकपर्यंत पोचू देत नाही. सांध्याच्या जागी तो खरवडावा. पूर्ण काढायचा असेल तर सोडियम हायपोक्लोराइटच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवावा, हातमोजे घालून. ते ब्लीच संडास साफ करायच्या ॲसिडजवळही नेऊ नये, दोन्ही मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची पातळ चित्रं, नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावावेत. मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागावर खाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. पिवळे पडलेले जुने डिकल खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवले तर पांढरे होतात. खान्देशात उन्हाची तोशीस नाही.

उरला तिसरा मार्ग, टायरांचा. किटमधले काळे टायर मऊ व्हिनाइलचे असतात आणि त्यांना मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर पाझरतो. तो जिथे टेकेल तिथल्या पॉलिस्टायरीनच्या साखळ्या सैल करतो. जुन्या खोक्यांत टायर खिडकीच्या काचेवर किंवा बॉडीवर पडून राहिले की तिथे टायराचा ठसा वितळून उमटलेला सापडतो, आणि बंद कपाटातल्या ४० अंशांत ही क्रिया आणखी जलद चालते. किट उघडल्याबरोबर टायर वेगळ्या पिशवीत घालावेत. चाकाची रिम आणि टायर यांच्यामध्ये चिकट धातूच्या पन्नीचा एक वेढा द्यावा, धातूतून प्लॅस्टिसायझर पार होत नाही. तयार गाडी पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर ठेवू नये. पाहुण्यांना दाखवायला नेताना उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीत तर मुळीच नाही. आत पारा ७० कडे जातो, आणि ड्रॅगस्टरच्या लांब, बारीक चासीला बाक यायला पाण्यात घातलेली तेवढीच उष्णता पुरते.