नवऱ्याचा पगार किती? : पोटगीच्या दाव्यातल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

ठाण्यात कोर्ट नाक्यावर पोटगीचा अर्ज टाइप करायला गेलं, की अर्जासोबत आणखी एक लांबलचक प्रतिज्ञापत्र तयार करावं लागतं. पगार, बँक खाती, ठेवी, विमा, शेअर, दागिने, गाडी, घर, डोक्यावरचं कर्ज, आपल्यावर अवलंबून असलेली माणसं, सगळं त्यात शपथेवर लिहायचं असतं. समोरच्या पक्षालाही तेच भरून द्यावं लागतं. वकील मंडळींच्या तोंडी याचं नाव, सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून, ‘रजनेश-नेहाचं अ‍ॅफिडेव्हिट’. आता ते इतकं अंगवळणी पडलंय, की नेहमीचंच वाटतं. पण नोव्हेंबर २०२० पर्यंत देशभर असा शिरस्ता नव्हता. नवऱ्याची कमाई शोधून आणून सिद्ध करायचं काम बहुतेक वेळा बायकोच्याच गळ्यात पडायचं. आणि फौजदारी कायद्याला तर शंभर वर्षं तो आकडा जाणून घ्यायची फारशी गरजच नव्हती.

गरज का नव्हती, ते कलम ४८८ मध्ये दिसतं. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे पोटगीचं कलम. मॅजिस्ट्रेटला जास्तीत जास्त महिना ५० रुपये देता येत. १९२३ मध्ये ही मर्यादा १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ च्या नव्या संहितेत कलमाचा नंबर बदलून १२५ झाला, पण पाचशेचा आकडा तसाच राहिला. केंद्राने ही मर्यादा काढली ती सप्टेंबर २००१ मध्ये.

मधल्या काळात आपल्या भागात काय काय घडलं ते आठवून बघा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट उभी राहिली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, वाशीपासून एकेक नोड, म्हणजे उपनगर, वसत गेला. पगारवाढीचे करार झाले, ओव्हरटाइम आला, बोनस आला. इतकं होऊनही जुन्या कलमातला तो आकडा संहितेत बसून होता. फिटरची बायको असो की केमिकल कंपनीतल्या मॅनेजरची, पाचशेच्या भिंतीपुढे दोघी सारख्याच. मग नवऱ्याची पगारपावती कोर्टात मागवून करायचं काय? मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. माहिती लपवायला नवऱ्याला फारसे कष्ट पडत नव्हते, कारण कायदाच ती विचारत नव्हता.

दिवाणी बाजू वेगळी होती. हिंदूंना कायद्याने घटस्फोट मुंबई प्रांतात १९४७ मध्येच मिळाला होता, देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. त्याआधीही अनेक जातींत काडीमोड होता, फारकत होती. पंचांसमोर बसल्यावर कोणाची किती खाचरं, कोणाच्या किती होड्या, हे गावाला ठाऊकच असायचं. शहरात नोकरी आणि बँक खातं आलं, तशी ती माहिती चारचौघांतून उठून पाकिटात गेली. १९५५ च्या कायद्यातली कलमं २४ आणि २५ दोघांचंही उत्पन्न विचारात घ्यायला सांगतात. पोटगी नवराही मागू शकतो. म्हणजे इथे आकडा लागणारच.

तो मिळवायचे मार्ग जुनेच होते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ११ खाली लेखी प्रश्न विचारता येतात, कागद हजर करायला लावता येतात. आदेश १६ खाली मालकाला किंवा बँकेला समन्स काढता येतं. बँकेच्या वहीचा उतारा पुरावा म्हणून चालावा याचा कायदा १८९१ चा आहे. आयकर विवरणपत्र मात्र कुलूपबंद होतं. १९२२ च्या आयकर कायद्याचं कलम ५४ कोर्टालाही ते मागवू देत नव्हतं. १९६१ च्या कायद्यात हीच तरतूद कलम १३७ म्हणून आली आणि १९६४ मध्ये गळली. पण मार्ग असणं वेगळं आणि तो चालून जाणं वेगळं. प्रत्येक अर्जाला उत्तर, उत्तराला तारीख, तारखेला पुढची तारीख. तोवर घरभाडं आणि मुलांची फी थांबत नाही. शेवटी अंतरिम पोटगी ठरायची ती अंदाजाने. ती म्हणणार दोन लाख, तो म्हणणार पंधरा हजार, आणि न्यायाधीशांनी मधला कुठला तरी आकडा धरायचा.

खरं तर १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०६ होतंच. जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली असते, ती सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच. स्वतःच्या कमाईइतकी खास माहिती दुसरी कुठली? हे तत्त्व पोटगीच्या दाव्यात नेटाने वापरायला जवळपास दीड शतक गेलं. दिल्ली उच्च न्यायालयात न्या. जे. आर. मिढा यांनी गेल्या दशकात उत्पन्न-मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्राचा सविस्तर नमुनाच घालून दिला. मग ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात तो विचार देशभर लागू केला. उत्तर देणाऱ्याने चार आठवड्यांत प्रतिज्ञापत्र द्यायचं, जाणूनबुजून टाळाटाळ केली तर त्याचा बचाव काढून टाकता येतो, खोटं लिहिलं तर खोट्या पुराव्याची कारवाई होऊ शकते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना दिला. त्यात जमीन, पिकं, गुरं-कोंबड्यांपर्यंत विचारणा आहे.

माहिती अधिकाराची वाट अनेकींनी चोखाळली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती ठरवली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं, की पोटगीचा वाद चालू असेल तर नवऱ्याचा पगार ही त्याची एकट्याची खासगी बाब उरत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम पुन्हा आवळलं. शिवाय ही वाट सरकारी नोकरांपुरतीच. ऐरोली-महापेच्या खासगी कंपनीत काम करणाऱ्याला ती लागू नाही.

आपल्याकडची खरी गुंतागुंत पगाराबाहेर आहे. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या लढ्यातून, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या १९८४ च्या आंदोलनातून, साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत मिळायचा. प्लॉट अनेकदा आजोबांच्या किंवा सगळ्या वारसांच्या नावावर. बिल्डरशी करार होतो, इमारत उभी राहते, फ्लॅट भावंडांत वाटले जातात. घटस्फोटाच्या वेळी मुलगा शपथेवर लिहितो, ‘माझ्या नावावर काही नाही’, आणि कागदोपत्री ते खरंही असू शकतं. संपादन झालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव शोधून इथे उपयोग नसतो. उपयोग होतो तो इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचा. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार फी भरून तो कोणालाही बघता येतो. बिल्डरबरोबरचा नोंदलेला करार, खरेदीखत, बक्षीसपत्र त्यात दिसतं. दाव्याची कुणकुण लागल्यावर भावाच्या नावे केलेलं बक्षीसपत्रही दिसतं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा प्लॉट नंबर टाकून शोधता येतं. नवऱ्याचा नेट बँकिंगचा पासवर्ड चोरून वापरायचा मोह टाळा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि कोर्टामार्फत तेच स्टेटमेंट रीतसर मागवता येतं.

वाशीच्या एपीएमसीतल्या अडत्याचं उत्पन्न शोधणं त्याहून अवघड. रोखीचा व्यवहार, ताज्या भाजीवर जीएसटी नाही. अशा वेळी कोर्ट राहणीमान बघतं. मुलांची शाळा कुठली, गाडीचा हप्ता किती, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरत होतं.

हा सगळा शोध पोटगीपुरताच आहे, हेही सांगायला हवं. संसारात उभी राहिलेली मालमत्ता घटस्फोटाच्या वेळी वाटून घ्यायचा हक्क हिंदू विवाह कायद्यात नाही. पत्नीला स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि पुढे लोकसभा विसर्जित होताच बारगळलं. मला ते फार मोठं नुकसान वाटतं.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयालाच पुन्हा सांगावं लागलं, की २०२० चे निर्देश खालच्या कोर्टांत नीट पाळले जात नाहीत. त्या प्रतिज्ञापत्रात जोडीदाराच्या मिळकतीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते लिहायचाही एक भाग असतो. कितीतरी जणी तो कोरा सोडतात, कारण ‘पुरावा नाही’. पण १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १४ सांगतं, की पुरावा कायद्याच्या काटेकोर कसोटीला न उतरणारा कागदही वाद सोडवायला उपयोगी असेल तर न्यायालय स्वीकारू शकतं. शाळेच्या फीची पावती, विम्याच्या हप्त्याचा जुना मेसेज, लग्नानंतर बुक केलेल्या फ्लॅटच्या भरण्याची झेरॉक्स, हे सगळं त्या भागाला जोडता येतं.