हसत का नाही ही पोरगी?

बारावीची परीक्षा संपली तशी भाचीनं ‘द हंगर गेम्स’ हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तकात बोट घालून विचारते, “मावशी, ही पोरगी हसत का नाही ओ?” ही पोरगी म्हणजे कॅटनिस एव्हरडीन. वय सोळा, पुस्तक २००८ सालचं. प्रश्न एवढासा, पण उत्तरासाठी बरंच मागं जावं लागतं.

ही कादंबरी ज्या धाटणीची, तिला ‘डिस्टोपिया’ म्हणतात. आधी त्या शब्दाचं बघू. जॉन स्टुअर्ट मिलनं १८६८ साली ब्रिटिश संसदेत आयर्लंडवर बोलताना सरकारच्या धोरणाची टर उडवायला ‘डिस्टोपिया’चं एक रूप वापरलं. रामराज्याची उलटी बाजू, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्यासाठी ‘मोगलाई’ होतीच. सोलापूर ओलांडून तुळजापूरकडे निघालं की निजामाची हद्द लागायची आणि जुनी माणसं तिला सरळ मोगलाईच म्हणायची.

या धाटणीच्या सुरुवातीच्या नावाजलेल्या कादंबऱ्या पुरुषांनी लिहिल्या आणि त्यातली बाई पुरुषाच्या नजरेतूनच दिसली. झाम्यातिनच्या ‘वुई’मधली (इंग्रजीत १९२४) आय-३३० बंडखोर खरी, पण तिची गोष्ट सांगतो तिच्यावर भाळलेला इंजिनिअर. ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’मधली (१९५३) क्लॅरिस जेमतेम सतरा वर्षांची. शेजारच्या माणसाला “तू सुखी आहेस का?” एवढं विचारते, आणि पुस्तक पुरतं रंगात येण्याआधीच नाहीशी होते. नायकाला जागं केलं, तिचं काम संपलं.

यांच्यात मला जवळची वाटते ती ऑर्वेलच्या ‘१९८४’मधली (१९४९) ज्युलिया. तिचं वय सव्वीस, म्हणजे कोवळी नव्हेच. नायक विन्स्टन सत्तेची मीमांसा वाचून दाखवतो तेव्हा ही झोपी जाते. समीक्षकांनी तिला उथळ ठरवलं ते बहुधा यावरूनच. पण खरी साखर, खरी कॉफी कुठून पैदा करायची हे तिलाच ठाऊक असतं. आजच्या नायिकेची आजी शोधायची तर मी हिच्याकडे बोट दाखवीन.

पुढचं वळण आलं ते पोरगी स्वतः ‘मी’ म्हणून बोलू लागल्यावर. मराठी वाचकाला याचं अप्रूप वाटायचं कारण नाही. ह. ना. आपट्यांची यमू १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘मी’ म्हणूनच आपली हकिगत सांगत होती. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ भविष्याची गोष्ट नाही, तो त्या काळचा रोजचा संसार आहे. पण ज्या घरात नवरा गेल्यावर बाईचे केस तिला न विचारता उतरवले जातात, ते घर कुठल्या डिस्टोपियाहून कमी? यमू सोसते, बघते, लक्षात ठेवते. तिथून निसटायची वाट मात्र तिला कुणी दाखवलेली नाही.

ती वाट ऑक्टाव्हिया बटलरच्या लॉरेनला दिसते. ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ १९९३ सालचं, कथा सुरू होते २०२४मध्ये. पंधरा वर्षांची ही मुलगी तटबंदीच्या वस्तीत राहते आणि तट कधीतरी पडणार हे ओळखून असते. मोठी माणसं प्रार्थना करतात, ही बियाणं, पैसे, पाणी गाठोड्यात बांधून ठेवते. दुसऱ्याचं दुखणं तिला स्वतःच्या अंगात जाणवतं, म्हणून कुणाला मारायचं तर आधी स्वतः कळवळायचं. इतकं चांगलं पात्र, पण आपल्याकडे फार थोड्यांच्या वाचनात आलंय.

आता कॅटनिस. अकरा वर्षांची असताना बाप खाणीतल्या स्फोटात जातो, आई खचून अंथरूण धरते. घरातला कर्ता गेला की पोरगीच कर्ती होते, हे सोलापूरच्या पूर्व भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळेतून आल्यावर सुपाशी बसून आईच्या बरोबरीनं विड्यांसाठी तेंदूपत्ता कातरणाऱ्या मुली तिथल्या घराघरांनी पाहिल्यात. कॅटनिस धनुष्य उचलते ते चुलीवर काहीतरी शिजावं म्हणून, क्रांतीबिंती तिच्या डोक्यातही नसते. तिथं दरवर्षी सोडत काढून मुलं निवडतात आणि टीव्हीवर दाखवायच्या खेळात एकमेकांना मारायला सोडतात. एका माणसाला वर्षभर कसंबसं पुरेल इतक्या धान्यातेलाच्या बदल्यात या मरणाच्या सोडतीत आपल्या नावाची एक चिठ्ठी वाढवायची, असा तिथला नियम. सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या झालेल्या असतात. धाकट्या बहिणीचं नाव निघतं तेव्हा तिच्याऐवजी ती पुढे होते, तेही याच हिशेबातून. धाकटीला ती सांभाळतच आली होती, त्या दिवशीही तिनं तेच केलं.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. खेळाआधी तिला उंच टाचा घालून हसायला शिकवतात, कारण प्रेक्षकांना आवडली तरच प्रायोजक औषधपाणी पाठवणार. हसू हीसुद्धा वसुलीच. टीव्हीवर एका चॅनलला रिअ‍ॅलिटी शो, दुसऱ्याला इराक युद्धाची दृश्यं, अशी चॅनल बदलताना ही कल्पना सुचली, असं लेखिका सुझन कॉलिन्स यांनी सांगितलंय.

नंतर अशा नायिकांची लाट आली. २०११च्या ‘डायव्हर्जंट’मधली ट्रिस त्यातल्या त्यात बरी. बाकीच्या बऱ्याच जणींनी धनुष्य घेतलं, दोन देखणे मुलगे घेतले, पण कॅटनिसनं धाकटीला आणून दिली तशी बकरी कुणी घेतली नाही. पुस्तकाबाहेर मात्र कॅटनिस लांब पोचली. थायलंडमध्ये २०१४च्या लष्करी उठावानंतर लोक निषेध म्हणून पुस्तकातल्या खुणेसारखी तीन बोटं उंचावून उभे राहिले.

आपल्याकडे बंगालच्या लेखिका बेगम रुकय्या यांनी १९०५मध्येच पुरुषांना घरात बसवून बायकांचं राज्य रंगवलं, पण ते सुखाचं स्वप्न. दुःस्वप्न लिहिलं मंजुळा पद्मनाभन यांनी. २००८च्या ‘एस्केप’मध्ये बायका संपवून टाकलेल्या देशात एकच मुलगी उरलीय, मेइजी. काकांनी तिला लपवून वाढवलंय, आणि आपण मुलगी आहोत म्हणजे काय, हेच तिला ठाऊक नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ साली देशातला पहिला कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्रात तरी हे पुस्तक घरोघरी असायला हवं होतं.

सोलापूरला कुंपणं नवी नाहीत. १९३०च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला आणि पुढच्या जानेवारीत चौघांना फाशी झाली, ते चौकातल्या पुतळ्यांमुळे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. सेटलमेंट मात्र मागं पडते. १८७१पासून चालत आलेल्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इथं तारांच्या आत ठेवलं होतं. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवानगी काढायची. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला. त्या तारांच्या आत वाढलेल्या एखाद्या पोरीनं ‘मी’ म्हणून लिहिलेली कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही.

कॅटनिसच्या गावालाही तारेचं कुंपण आहे, विजेचं. जंगलात शिरण्याआधी ती क्षणभर थांबून कान देते. तार गुणगुणत असली तर वीज आहे. पण गावाला वीज संध्याकाळी दोन-तीन तासच मिळते, त्यामुळे एरवी कुंपण मुकं असतं आणि ती पोटावर सरपटत खालून जाते. हे पान वाचताना भाची खो खो हसत सुटली. “मावशी, हे तर आपलं लोडशेडिंग की ओ!”